कंपनीची मालकी एका कागदावर: तक्ता कसा करायचा आणि कोणाला कसा द्यायचा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे कॅश क्रेडिटचे (खेळत्या भांडवलाच्या कर्जाचे) नूतनीकरण होते. बँकेने मागितलेल्या कागदांच्या यादीत शेवटची ओळ होती, ‘अंतिम मालकांपर्यंतचा शेअरहोल्डिंगचा तक्ता’. ऑफिसातल्या मुलाने तासाभरात रंगीत, सुबक तक्ता करून आणला आणि मी तो ताडून न पाहता पुढे पाठवला. आठवड्याने बँकेतून फोन आला. तक्त्यात मालक भावांपैकी मधल्याचे नाव होते आणि ते जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांचे शेअर मुलीच्या नावावर रीतसर झाले होते, वार्षिक विवरणपत्रातही तिचेच नाव होते. तक्ता मात्र जुन्या फाइलवरून उतरवलेला. नूतनीकरण तीन आठवडे अडकले, आणि त्या घरातल्या वहिनींना ते जुने नाव पुन्हा समोर बघावे लागले. याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: आधी रजिस्टर, मग शीट, आणि चित्र सगळ्यात शेवटी. जमिनीला जसा सातबारा, तसे कंपनीला सभासदांचे, म्हणजे भागधारकांचे, रजिस्टर. फेरफार नोंदवल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव बदलत नाही, तसा रजिस्टरमध्ये बदल झाल्याशिवाय तक्त्यात बदल करायचा नाही. आणि रजिस्टरमध्ये झाला, तर तक्त्यातही झालाच पाहिजे.

कागद गोळा करताना

सुरुवात सभासदांच्या रजिस्टरपासून, म्हणजे एमजीटी-१ या नमुन्यापासून करा. त्याच्या जोडीला शेवटचे वार्षिक विवरणपत्र (एमजीटी-७, लहान कंपनी असेल तर एमजीटी-७ए) आणि त्यानंतर झालेल्या व्यवहारांचे कागद घ्या: नवे शेअर दिले असतील तर पीएएस-३, हस्तांतर झाले असेल तर एसएच-४, वारसाहक्काने गेले असतील तर संचालक मंडळाचा ठराव. शेअर डीमॅटमध्ये असतील तर कंपनीच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडून धारकांचे विवरण मागवा. त्याला सगळे बेनपॉस म्हणतात. मालकांमध्ये भागीदारी संस्था, एलएलपी, ट्रस्ट किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तर त्या प्रत्येकाचा करार किंवा दस्त लागतो. हे दस्त मागायला लोक संकोचतात. संकोचू नका, कारण खरा मालक बहुधा तिथेच दडलेला असतो.

एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती फुकट दिसते, पण त्यात संचालक आणि भांडवल असते, भागधारक नसतात. संचालकांची यादी बघून मालकीचा तक्ता काढणारे मी पाहिले आहेत. संचालकाकडे एकही शेअर नसू शकतो, आणि सर्वांत मोठा भागधारक संचालक मंडळात नसू शकतो.

रजिस्टरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या एका ऑफिसात सभासदांचे रजिस्टर तीन दिवस पाण्यात होते. आम्ही पाने पंख्याखाली सुकवली, तरी शाई पसरलेलीच राहिली. शेवटी एमसीएवर दरवर्षी भरलेली विवरणपत्रे एकेक करून उतरवून घेतली आणि हिस्सा कोणाकडून कोणाकडे गेला हे जुळवत बसलो. हे रजिस्टर कायद्याने कायमचे जपायचे असते. त्याचे दर वर्षी स्कॅन करून ठेवा, आणि ते स्कॅन कृष्णाकाठच्या त्याच इमारतीतल्या संगणकावर ठेवू नका.

शीट: सगळा जीव इथे आहे

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये दोन पाने करा. पहिल्यावर घटक: प्रत्येक व्यक्ती, कंपनी, कुटुंब, ट्रस्ट यांची एकेक ओळ. त्यात छोटा सांकेतिक क्रमांक, पॅनवर आहे तसेच्या तसे नाव, प्रकार, आणि कंपनी असेल तर तिचा सीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक. दुसऱ्या पानावर धारणा: कोणाकडे, कोणत्या कंपनीचे, कोणत्या वर्गाचे, किती शेअर, कोणत्या तारखेपासून, कोणत्या कागदावरून. हा शेवटचा स्तंभ भरायला कंटाळा येतो, पण सहा महिन्यांनी कोणी ‘हा आकडा कुठला?’ असे विचारले की तोच वाचवतो.

टक्के हाताने लिहू नका. शेअरची संख्या लिहा आणि टक्के सूत्राने काढा. तीन भावांना सारखा हिस्सा असेल आणि तुम्ही प्रत्येकासमोर ३३.३३ लिहिले, तर बेरीज ९९.९९ येते आणि मग कोणीतरी गरज नसताना एकाला ३३.३४ करतो. प्रत्येक कंपनीच्या शेअरची बेरीज तिच्या भरणा झालेल्या भांडवलाशी जुळते का, हे तपासणारा एक रकाना ठेवा. जुळत नसेल तर तिथेच थांबा.

इक्विटी (साधे) आणि प्रेफरन्स (लाभांशात अग्रहक्क असलेले) शेअर वेगळे लिहा. परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर असतील तर त्यांची खास नोंद करा, कारण अंतिम मालक ठरवण्याच्या नियमांत सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर आणि डिबेंचर (कर्जरोखे) हे शेअरच धरले जातात. शंभर टक्के मालकीची उपकंपनी असेल तर एक-दोन शेअर दुसऱ्या कोणाच्या नावावर दिसतील. खासगी कंपनीला किमान दोन सभासद लागतात म्हणून ती सोय केलेली असते. तो माणूस नावापुरता धारक आहे हे शीटमध्ये लिहा, आणि त्याबद्दलचा एमजीटी-६ हा फॉर्म भरला आहे का तेही बघा.

आता एक उदाहरण घेऊ. घर ओळखीचे वाटेल असेच घेतले आहे, आकडे समजावण्यापुरते आहेत.

कुपवाडची फाउंड्री कंपनी, एक लाख शेअर. थोरल्या भावाकडे २२,०००, धाकट्याकडे १८,०००, घरच्या गुंतवणूक कंपनीकडे ४५,०००, थोरल्यांच्या अविभक्त कुटुंबाकडे १०,०००, आत्यांकडे ५,०००. गुंतवणूक कंपनीचे दहा हजार शेअर: थोरले ५,५००, धाकटे ३,०००, मधल्या भावाची मुलगी १,५००. आणि तासगावला बेदाण्याचे शीतगृह चालवणारी तिसरी कंपनी, पन्नास हजार शेअर: फाउंड्रीकडे ३०,०००, गुंतवणूक कंपनीकडे १२,५००, बाहेरच्या व्यापारी भागीदाराकडे ७,५००.

गुणाकार, आणि दोन वेगळी उत्तरे

फाउंड्रीत थोरल्यांचा हिस्सा किती? रजिस्टर म्हणते २२ टक्के. पण गुंतवणूक कंपनीत त्यांचे ५५ टक्के आहेत आणि त्या कंपनीकडे फाउंड्रीचे ४५ टक्के, म्हणजे आणखी २४.७५. एकूण ४६.७५ टक्के. रीत अशी: वरच्या माणसापासून खालच्या कंपनीपर्यंत जितक्या वाटा जातात, त्या प्रत्येक वाटेवरच्या टक्क्यांचा गुणाकार करायचा आणि सगळ्या वाटांची बेरीज घ्यायची. याच रीतीने फाउंड्रीत धाकट्यांचे ३१.५, पुतणीचे ६.७५, अविभक्त कुटुंबाचे १० आणि आत्यांचे ५ येतात. बेरीज शंभर.

तासगावच्या कंपनीत दोन वाटा आहेत, एक फाउंड्रीतून आणि दुसरी थेट गुंतवणूक कंपनीतून. थोरल्यांचे पहिल्या वाटेने २८.०५, दुसऱ्या वाटेने १३.७५, एकूण ४१.८०. धाकट्यांचे २६.४०, पुतणीचे ७.८०, अविभक्त कुटुंबाचे ६, आत्यांचे ३ आणि भागीदाराचे १५. इथेही शंभर यायला हवेत आणि येतात. तुमच्या तक्त्यात शंभर येत नसतील तर एखादी वाट सुटली आहे किंवा दोनदा धरली आहे.

इथपर्यंत बहुतेक जण येतात. घोटाळा पुढे होतो, कारण ‘अंतिम मालक कोण’ हा प्रश्न दोन ठिकाणी विचारला जातो आणि दोन्हीकडची मोजणी वेगळी आहे.

बँकेची केवायसी मनी लाँडरिंग प्रतिबंधाच्या नियमांनुसार चालते. तिथे कंपनीच्या शेअरमध्ये, भांडवलात किंवा नफ्यात १० टक्क्यांहून अधिक हक्क असलेली व्यक्ती लाभार्थी मालक ठरते. ही मर्यादा पूर्वी २५ टक्के होती, २०२३ मध्ये ती १० वर आली. ज्यांचा तक्ता त्याआधीचा आहे त्यांनी तो पुन्हा तपासावा, कारण बारा-पंधरा टक्केवाले घरचे लोक तेव्हा यादीत नव्हते आणि आता आहेत. आपल्या उदाहरणात फाउंड्रीसाठी थोरले आणि धाकटे दोघेही या यादीत येतात. बँका साधारणपणे असा गुणाकार करूनच बघतात.

कंपनी कायदा, २०१३ चे कलम ९० आणि त्याखालचे २०१८ चे नियम (२०१९ मध्ये सुधारलेले) वेगळ्या वाटेने जातात. तिथे मर्यादा ‘१० टक्क्यांपेक्षा कमी नाही’ अशी आहे, म्हणजे नेमके १० असले तरी लागू. आणि अट अशी की हिस्सा अप्रत्यक्ष असला पाहिजे, किंवा अप्रत्यक्ष आणि प्रत्यक्ष मिळून. नुसत्या स्वतःच्या नावावरच्या शेअरने कोणी या नियमाखाली येत नाही. मध्ये कंपनी असेल, तर त्या कंपनीत त्या व्यक्तीचा बहुमताचा म्हणजे निम्म्याहून जास्त हिस्सा हवा. तो असेल तर मधल्या कंपनीचे सगळे शेअर त्याच्या बाजूने मोजले जातात. इथे गुणाकार नाही.

आता फाउंड्री पुन्हा बघा. थोरल्यांचा गुंतवणूक कंपनीत ५५ टक्के, म्हणजे बहुमत. त्यामुळे तिचे पूर्ण ४५ टक्के त्यांच्याकडे धरायचे. अविभक्त कुटुंबाचे १० टक्केही कर्ता (कुटुंबप्रमुख) म्हणून त्यांच्याकडे. त्यांचे स्वतःचे २२ मिळवले की ७७ झाले. धाकट्यांचा गुंतवणूक कंपनीत ३० टक्के, बहुमत नाही, म्हणून त्या वाटेने काहीच मोजायचे नाही. उरले थेट १८, आणि थेट हिस्सा एकटा चालत नाही. त्यामुळे धाकटे बँकेच्या यादीत आहेत आणि कलम ९० च्या यादीत नाहीत. दोघे भाऊ ठरवून एकत्र निर्णय घेत असतील किंवा एखाद्या कराराने नियंत्रण असेल, तर चित्र बदलते. ते कंपनी सेक्रेटरीला विचारूनच ठरवा.

म्हणून तक्त्यावर एकच टक्का छापू नका. रेघेवर थेट धारणा, आणि खाली छोट्या चौकटीत प्रत्येक व्यक्तीचा एकूण आर्थिक हिस्सा. कलम ९० ची मोजणी वेगळ्या कागदावर ठेवा. थोरल्यांनी कंपनीला बेन-१ हे घोषणापत्र द्यायचे, आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने बेन-२ हा फॉर्म सरकारकडे भरायचा. बेन-२ मध्ये लिहिलेले आणि बँकेला दिलेल्या तक्त्यातले आकडे वेगळे दिसतील. त्यामागचे कारण लिहून फाइलला लावून ठेवले, तर पुढच्या वर्षी नवा माणूस गोंधळणार नाही.

शीटवर आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. निम्म्याहून अधिक मताधिकार असेल तर उपकंपनी, किमान २० टक्के असेल तर सहयोगी कंपनी. आपल्याकडे तासगावचे शीतगृह ही फाउंड्रीची उपकंपनी आहे, आणि फाउंड्री ही गुंतवणूक कंपनीची सहयोगी. आणि खालून वर जाणारी रेघ दिसली की सावध व्हा. कलम १९ नुसार उपकंपनीला आपल्या मुख्य कंपनीचे शेअर धारण करता येत नाहीत, अगदी मोजके अपवाद सोडून.

आता चित्र

सॉफ्टवेअर निवडताना लोक हमखास एका जागी चुकतात. पॉवरपॉइंटच्या स्मार्टआर्टमधला किंवा गुगल शीटमधला ‘ऑर्गनायझेशनल चार्ट’ घेतात. तो साहेब आणि हाताखालचे लोक दाखवायला केलेला असतो, त्यात एका चौकटीला वर एकच चौकट जोडता येते. आपल्या फाउंड्रीला वर पाच मालक आहेत. मग लोक एकाच कंपनीची चौकट पाच वेळा काढतात, किंवा वंशावळीसारखे आजोबांपासून खाली उतरतात. वंशावळ नाते सांगते, हिस्सा सांगत नाही.

माझा कल ड्रॉ.आयओकडे आहे. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालते, आणि डेस्कटॉप आवृत्ती इंटरनेटशिवाय चालते, म्हणून घरच्या मालकीची माहिती बाहेर जाण्याची धास्ती नसते. ऑफिसात व्हिजिओ आधीच असेल तर तेही उत्तम. लिब्रेऑफिस ड्रॉही चालते. तीन-चारच चौकटी असतील तर पॉवरपॉइंटमध्ये साध्या चौकटी आणि जोडरेघा पुरतात, फक्त स्मार्टआर्ट टाळा.

ड्रॉ.आयओमध्ये कोरी फाइल उघडा आणि आधी तीन ओळींची जागा मनात आखा. सर्वांत वर माणसे, मध्ये गुंतवणूक कंपनी, कुटुंब, ट्रस्ट, खाली धंदा करणाऱ्या कंपन्या. व्यक्तीसाठी लंबगोल, कंपनीसाठी आयत, अविभक्त कुटुंब किंवा ट्रस्टसाठी तिसरा एखादा आकार. रंगावर अर्थ सोपवू नका. झेरॉक्समध्ये हिरवा आणि निळा एकच होतात. चौकटीच्या कडेवरच्या बिंदूपासून रेघ ओढून दुसऱ्या चौकटीच्या कडेला टेकवली की ती तिथे चिकटते आणि चौकट हलवली तरी सुटत नाही. रेघेवर दोनदा क्लिक करून टक्के लिहा. इक्विटीसाठी सलग रेघ. शेअरशिवाय करारातून आलेल्या नियंत्रणासाठी तुटक रेघ.

चौकटी पंधरा-वीसच्या वर गेल्या की हाताने रेघा ओढणे नको. तिथे मर्मेड उपयोगी पडते. ही मजकुरातून आकृती काढण्याची सोपी भाषा आहे, आणि ड्रॉ.आयओच्या इन्सर्ट यादीत (काही आवृत्त्यांत अॅडव्हान्स्डखाली) तिची सोय आहे. प्रत्येक धारणेची एक ओळ: मालकाचा सांकेतिक क्रमांक, बाण, बाणावर दोन उभ्या दांड्यांमध्ये टक्के, मग कंपनीचा क्रमांक. तुमच्या धारणेच्या पानावर हीच माहिती आहे, म्हणून एका जास्तीच्या स्तंभात जोडसूत्र लिहून या ओळी आपोआप तयार करता येतात. मग सगळ्यात वर flowchart TD ही एक ओळ ठेवून सगळा स्तंभ उचलून तिथे चिकटवायचा. सांकेतिक क्रमांक रोमन अक्षरांत ठेवा, चौकटीत दिसणारे नाव अवतरणचिन्हांत मराठीत लिहिले तरी चालते. मांडणी आपोआप होते, ती नेहमी देखणी नसते, पण शीट आणि चित्र यांत फरक राहत नाही, आणि मला तेच हवे असते.

मराठी नावे असतील तर पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरे नीट आली आहेत का बघा. नोटो सान्स देवनागरी किंवा निर्मला घेतल्यास सहसा अडचण येत नाही. बँकेला द्यायची प्रत मात्र पॅनवरच्या इंग्रजी नावांनीच करा.

कोपऱ्यात चार गोष्टी हव्यातच: कोणत्या तारखेची स्थिती, कोणत्या कागदावरून, कोणी तयार केला, कोणी तपासला. ‘दिनांक ३१ मार्च रोजी’ आणि ‘आजच्या तारखेला’ यांत कधीकधी एका वारसाइतका फरक असतो. तपासताना एकाने रजिस्टर मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने छापील तक्त्यावर टिक करावी. पडद्यावर बघून चुका सापडत नाहीत.

देताना

बाहेर द्यायचा तक्ता नेहमी पीडीएफ. ड्रॉ.आयओतून पीडीएफ किंवा पीएनजी काढताना ‘आकृतीची प्रत सोबत ठेवा’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो चालू राहिला तर फाइल मिळालेला माणूस ती ड्रॉ.आयओमध्ये उघडून सगळे बदलू शकतो, आणि तुम्ही लपवलेले थरही बघू शकतो. घरच्या वाटणीचा विचार एखाद्या लपवलेल्या थरात मांडला असेल तर तो बँकेच्या टेबलावर जायला एवढे पुरे आहे. घरात ठेवायच्या प्रतीला हा पर्याय चालू, बाहेरच्या प्रतीला बंद.

ज्याला जितके लागते तितकेच द्या. बँकेला अंतिम मालकांपर्यंतचे चित्र लागते. नवीन पुरवठादाराला फक्त कंपन्यांचे नाते पुरते, त्याला आत्यांचे पाच टक्के कळायचे काही कारण नाही. पॅन, जन्मतारीख, पत्ता तक्त्यावर घालू नका. मागितले तर वेगळ्या कागदावर.

गुगल ड्राइव्हची लिंक देताना ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हे कधीच ठेवू नका. ठरावीक ईमेल पत्ते घाला, त्यांना फक्त बघण्याची परवानगी द्या, डाउनलोड आणि छपाई बंद करा, आणि काम झाले की परवानगी काढून घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की टक्के धूसर होतात, १.५ चे १५ वाचले जातात. घरच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. कोणाचा हिस्सा किती, हे सुनेला किंवा जावयाला ग्रुपवर पहिल्यांदा कळणे बरे नाही. आधी समोर बसवून दाखवा.

पासवर्ड घातलेली पीडीएफ लिब्रेऑफिसमधून फुकट करता येते. फाइल ईमेलवर आणि पासवर्ड फोनवर, अशी विभागणी ठेवा. बँकेला बहुधा लेटरहेडवर संचालकाची सही असलेली प्रत लागते, काही ठिकाणी सीए किंवा कंपनी सेक्रेटरीचे प्रमाणपत्रही. सही झालेल्या प्रतीचे स्कॅन त्या तारखेच्या शीटसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

नंतर

शेअर हस्तांतर, नवे शेअर, मृत्यू, अविभक्त कुटुंबाची वाटणी, लग्नानंतर बदललेले नाव, गुंतवणूक कंपनीतला एखादा छोटा बदल: यांपैकी काहीही झाले की त्याच आठवड्यात शीट उघडा. वरच्या कंपनीतला बदल खालच्या कंपनीच्या रजिस्टरमध्ये दिसत नाही, म्हणून तोच सर्वाधिक राहून जातो. आपल्या उदाहरणात थोरल्यांनी गुंतवणूक कंपनीतले सहाशे शेअर पुतणीला दिले, तर त्यांचे ४९ टक्के उरतात. फाउंड्रीच्या रजिस्टरची एक ओळही बदलत नाही, पण त्यांचे त्या कंपनीतले बहुमत जाते आणि कलम ९० ची सगळी मोजणी पुन्हा करावी लागते. बदलाची घोषणा बेन-१ मध्ये ३० दिवसांत द्यायची असते.

जुनी शीट पुसून नवी करू नका. प्रत बनवा, नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घाला म्हणजे फाइली आपोआप काळानुसार लागतात, आणि जुनीला फक्त वाचण्यापुरती करून ठेवा. त्या फाउंड्रीच्या फोल्डरमध्ये आता, मागच्या वर्षांच्या धरून, अशा सात शीट आहेत. चौथीत मधल्या भावाच्या ओळीपुढे ठरावाची तारीख आहे, आणि पाचवीत त्याच जागी मुलीचे नाव.